एक ते चार बेल वाजवू नये

तुमच्या बाबाने तुम्हाला एवढंच सांगितलं असणार, की आजी बाल्कनीत अडकली होती आणि खालच्या काकूंनी तिला सोडवलं. तो ते हसत सांगतो. मी सांगणार आहे ते जरा लांब आहे आणि त्यात हसण्यासारखं थोडंच आहे.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं, हे मला कळतं. माझं शिक्षण इंग्रजीत झालं, नोकरीही इंग्रजी माध्यमाच्या शाळेत केली. पण इंग्रजीत मी आयुष्यभर नोटिसा, अर्ज आणि खुलासेच लिहिले. त्या भाषेत लिहायला बसले की वाक्यं आपोआप इस्त्री होऊन बाहेर पडतात. म्हणून मराठीत. अडलं तर बाबाला विचारा.

आपलं बोरिवलीचं घर तुम्ही पाहिलं आहे. तिसरा मजला, स्वयंपाकघरामागे छोटी बाल्कनी, तिच्यात वॉशिंग मशीन, एक नळ आणि कपड्यांच्या दोऱ्या. आपण जंगलाच्या बाजूला राहतो, त्यामुळे माकडं येतात. बाल्कनीला ग्रिल आहे, पण लहान माकडं गजांमधून सहज आत शिरतात. माझ्याकडून दाराची कडी लावायची राहिली की ती दार ढकलून थेट ओट्यावर. एकदा त्यांनी डाळीचा डबा पालथा घातला तेव्हा मी दाराला लॅच बसवून घेतलं. दार लोटलं की आपोआप बंद. आतून गोल मूठ फिरवून उघडतं, बाल्कनीच्या बाजूने मात्र किल्लीच लागते. ती किल्ली लाल दोऱ्यात ओवून बाल्कनीतल्या खिळ्याला कायम टांगलेली असे.

त्या दिवशी ती खिळ्याला नव्हती. घरातल्या सगळ्या किल्ल्यांची लेबलं जुनी झाली होती, अक्षरं पुसट झाली होती, म्हणून सकाळी मी सगळ्या किल्ल्या जमवल्या, जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि नवी लेबलं लिहून ठेवली. शाई वाळेपर्यंत किल्ल्या हलवायच्या नाहीत असं ठरवलं. जेवले, ताट घासलं आणि मशीनमधले कपडे वाळत घालायला बाल्कनीत गेले. पाठीमागून वारा आला आणि दार लागलं. आवाजसुद्धा मोठा झाला नाही. टक्, एवढाच.

स्वयंपाकघरातल्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. दाराला वरच्या अर्ध्या भागात काच आहे. काचेतून टेबल दिसत होतं. बारा किल्ल्या, बारा लेबलं, सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. शेजारी फोन.

पहिली दहा मिनिटं मी घाबरले नाही. मला कामाची यादी करायची सवय आहे, ती मनात केली. हँगरची तार सरळ करून फटीतून घातली. तार वाकली, लॅच हललं नाही. प्लॅस्टिकच्या चिमट्याचा तुकडा करून घातला, तो आतच राहिला. काच फोडायचा विचार केला, पण ती जाळीची काच आहे. माकडांसाठी मीच हट्टाने तशी बसवून घेतली होती. बादलीने एकदा मारून पाहिलं. बादलीचा कान तुटला.

मग कोण येईल याचा विचार केला. कामाच्या मावशी सकाळी येऊन जातात, त्या एकदम दुसऱ्या दिवशी. पेपरवाला, दूधवाला सकाळचे. शेजारच्या ब्लॉकला तीन महिने कुलूप. आणि दुपारी कुणी आलंच, तर दारावर माझी पाटी आहे. पांढऱ्या पत्र्यावर निळ्या अक्षरात, मराठीत आणि इंग्रजीत: एक ते चार बेल वाजवू नये. लोक ती पाटी पाळतात. मी पाळायला लावली आहे.

राहता राहिल्या खालच्या वहिनी.

त्यांची बाल्कनी बरोबर माझ्या बाल्कनीखाली. त्या वेंगुर्ल्याकडच्या. त्यांचे यजमान आधी गिरणीत होते, गिरणी गेल्यावर त्यांनी साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवलं. आता ते नाहीत. वहिनी माझ्याच वयाच्या, आवाज खणखणीत. पंचवीस वर्षं आमच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे आणि त्यांची माझ्याकडे असे. पण चार महिन्यांपूर्वी त्यांनी बाल्कनीत सुके बोंबील वाळत घातले आणि तो वास माझ्या धुतलेल्या चादरींना लागला. मी काय करावं? जिना उतरून सांगावं? मी सोसायटीला इंग्रजीत अर्ज लिहिला, दोन प्रतींत, आणि पोच घेतली.

अर्ज त्यांच्या हातात पडला तेव्हा त्या वर आल्या होत्या.

"बाई, एवढा इंग्लिश कित्याक?" त्या म्हणाल्या. इमारतीत सगळे मला बाईच म्हणतात. "खाली येऊन 'वहिनी, वास येतोय' म्हणाला असतात, तर मी काय तुमका खाल्लं असतं?"

"लेखी असलेलं बरं असतं," मी म्हणाले.

"बरा. मग चावी पण लेखी परत घ्या."

दुसऱ्या दिवशी मी खरंच किल्ली परत घेतली आणि त्यांची त्यांना दिली. वहीत सही घेतली नाही, एवढंच. तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं.

आता त्या माझ्या पायाखाली दहा फुटांवर होत्या. भांडी लावल्याचा आवाज येत होता. शेजारची इमारत पुनर्विकासासाठी पाडताहेत, तिथे दिवसभर काँक्रीट फोडायचा ब्रेकर चालतो. पण एक ते दोन कामगारांची जेवणाची सुट्टी असते. इतकी शांतता होती की वहिनींनी कुकरची शिटी काढून ठेवली तेही ऐकू आलं. एक हाक पुरली असती.

मी हाक मारली नाही.

का, ते तुम्हाला सांगायला हवं, कारण त्याचा तुमच्याशी संबंध आहे. मागच्या वर्षी मी बाथरूममध्ये घसरले आणि मनगटाचं हाड मोडलं. तुमच्या बाबाला मी ते आठ दिवसांनी सांगितलं. तो विमानाने आला, दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही आणि मग समोर बसून म्हणाला, "आई, आणखी एकदा असं काही झालं, तर हे घर बंद. तू आमच्याकडे. कबूल?" मी कबूल म्हणाले. शब्द दिला. बाबा अजून आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर आहे. वहिनींना कळलं म्हणजे इमारतीला कळलं, आणि इमारतीला कळलं म्हणजे त्याला चहाच्या आत कळलं.

तुमच्याकडे मला आवडत नाही असं समजू नका. पण तिथे दूध संपलं तरी कुणीतरी गाडी काढावी लागते. सगळे बाहेर गेले की मी खिडकीपाशी बसून तुमच्या शाळेच्या बसची वाट बघते. इथे मी खाली उतरले की भाजीवाली मला ओळखते. हे घर गेलं तर मी चांगल्या घरात राहीन, माझ्या घरात राहणार नाही. म्हणून मी त्या शांत पन्नास मिनिटांत ओठ घट्ट मिटून वॉशिंग मशीनवर बसून राहिले. संध्याकाळपर्यंत काहीतरी सुचेल, असं स्वतःला सांगत होते. दोन वाजता ब्रेकर सुरू झाला. त्यानंतर मी कितीही ओरडले असते तरी माझा आवाज मलाच ऐकू आला नसता.

सव्वादोनला, काचेतून दिसणाऱ्या पुढच्या दाराच्या फटीत सावली हलल्यासारखं वाटलं. भास असेल म्हटलं. नंतर दारात चिठ्ठी सापडली: गॅस सिलिंडरवाला येऊन गेला, ग्राहक उपलब्ध नाही. पाटी वाचून परत गेला असणार.

अडीचला ऊन बाल्कनीत आलं. वॉचमन गुपचूप चावीवाला आणून देईल, या आशेने मी दोरीवरचा टॉवेल काढून गजांबाहेर हलवला. गेटवरच्या वॉचमनने वर पाहिलं, उभा राहिला आणि मला सलाम केला. मी आणखी जोरात हलवला. त्याने पुन्हा सलाम केला आणि खुर्ची सावलीत ओढून बसला. बाई टॉवेल झटकताहेत, बाईंचं सगळं कसं नीट, असंच त्याला वाटलं असणार. नळाचं पाणी ओंजळीने प्याले, पण जास्त प्यायची भीती वाटत होती. का, ते तुमच्या लक्षात येईल. शेवटी एकदा मला मशीनच्या आडोशाला बसावं लागलं आणि नंतर तुटक्या बादलीने मी ती फरशी तीनदा धुतली. आयुष्यात इतकं लहान मला एकदाच वाटलं होतं. ते कधी, हे त्या उन्हात पुन्हा आठवलं.

मी पार्ल्याच्या एका शाळेत उपमुख्याध्यापिका होते. परीक्षांचं सगळं काम माझ्याकडे. प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे लाखेने सीलबंद करून कपाटात वेळापत्रकाच्या क्रमाने लावायचे, पहिला पेपर सगळ्यात वर. माझी रचना इतकी चोख असे, की रोज सकाळी मी वरचं पाकीट उचलायचे. नाव वाचायची गरज पडत नसे. दहावीच्या पूर्वपरीक्षेत एक सुट्टी मध्ये आली, वेळापत्रक बदललं आणि गणिताचे दोन पेपर मागेपुढे झाले. कपाटातला क्रम बदलायचा माझ्याकडून राहिला. त्या सकाळी मी वरचं पाकीट उचललं, सील तोडलं आणि एका तुकडीचा गठ्ठा एका नव्या शिक्षिकेच्या हातात दिला. तिचं नोकरीतलं पहिलंच वर्ष होतं. पाच मिनिटांत एक मुलगी उभी राहिली. "टीचर, आज तर अल्जेब्रा आहे ना?"

वर्गात भूमितीचा पेपर वाटला होता.

मी धावत गेले, सगळे पेपर गोळा केले, मोजले, बीजगणिताचे वाटले. चेहरा असा ठेवला की मुलांना वाटावं, बाई रागावल्या आहेत. भूमितीचा पेपर दोन दिवसांनी होता. तो बदलायला वेळ होता. पण बदलायचा तर कारण सांगावं लागलं असतं. मी पाकिटाला पुन्हा लाख लावली आणि गप्प बसले. पुढच्या वर्षी मी मुख्याध्यापिका होणार, हे जवळजवळ ठरलेलं होतं.

त्या तुकडीच्या मुलांनी भूमितीच्या सगळ्या रचना अचूक काढल्या, आणि पुन्हा पेपर द्यावा लागेल म्हणून त्यांच्यातलं कुणी काही सांगितलं नाही. बाकीच्या तुकड्यांचे पालक शाळेत आले. पेपर फुटला म्हणून चौकशी सुरू झाली आणि संशय त्या नव्या शिक्षिकेवर गेला, कारण ती घरी शिकवण्या घेत असे. तिला लेखी खुलासा द्यायला सांगितलं. ती स्टाफरूममध्ये माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"टीचर, तुम्ही सांगाल ना?"

मी म्हणाले, "बघू."

बघू! तो शब्द मी अजून विसरलेले नाही. त्यानंतर चार दिवस मी शाळेत जात होते, घरी येत होते, तुमच्या बाबाचा डबा भरत होते, आणि कुठेही गेले तरी एका लहान खोलीत कोंडल्यासारखं वाटत होतं. किल्ली माझ्याजवळच होती. एक पत्र लिहायचं, बस. पाचव्या दिवशी लिहिलं. भूमितीचा पेपर सगळ्यांना पुन्हा द्यावा लागला. मुख्याध्यापिकेची खुर्ची माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान असलेल्या बाईंना मिळाली आणि पुढची सहा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या केबिनमध्ये काढली. ती शिक्षिका वर्ष संपल्यावर दुसरीकडे गेली. निरोपाच्या दिवशी मी दिलेला पेढा तिने घेतला आणि न खाता बशीत ठेवला.

त्या सहा वर्षांत मी काय शिकले असं कुणी विचारलं, तर फार नाही. सकाळी प्रार्थनेला सगळ्यांसमोर उभं राहता येतं, हे शिकले. पहिला आठवडा जड जातो, मग सवय होते. आणि परीक्षा विभागात मी एक नियम केला. चूक कुणाचीही असो, मधल्या सुट्टीच्या आत येऊन सांगायची. सांगितली तर कुणी ओरडणार नाही, मिळून निस्तरायची. लोक येऊ लागले. कुणी गुणांची बेरीज चुकवलेली, कुणी उत्तरपत्रिका रिक्षात विसरलेली, कुणी चुकीच्या वर्गाला शून्य देऊन बसलेली. सगळं निस्तरलं. मी निवृत्त झाले तेव्हा शिपायांनीही भाषणात त्या नियमाचा उल्लेख केला होता.

उन्हात मशीनवर बसून हे आठवताना माझ्या लक्षात आलं, की तो नियम मी दुसऱ्यांसाठी केला होता. मनगट मोडलं तेव्हा आठ दिवस. आणि आज? काचेतून घड्याळ दिसत होतं. तीन वाजून पंचवीस मिनिटं. मधली सुट्टी केव्हाच होऊन गेली होती.

साडेतीनला कामगार चहाला थांबले. ब्रेकर बंद पडला. मी खाली वाकले, तोंड गजांना लावलं, आणि पहिली हाक इतकी हळू निघाली की ती मलाही धड ऐकू आली नाही. मी वर्गातसुद्धा कधी आवाज चढवला नव्हता. दुसऱ्यांदा मारली.

"वहिनी! अहो वहिनी!"

खालून काही नाही. मग बोंबलाच्या दोरीमागून एक हात आला आणि डोकं.

"कोण ता? बाई? अवो, कित्या ओरडतास?"

"वहिनी, मी बाल्कनीत अडकलेय. दार लागलं."

"कधीपासून?"

"एकपासून."

 वहिनींचा आवाज असा चढला की वॉचमन उठून उभा राहिला. "एकपासून? आणि मी हय खाली मेली होतंय काय? भाकरी थापीत होतंय मी, एक टाळी वाजवली असतात तरी ऐकू आला असता!"

"किल्ल्या सगळ्या आत आहेत," मी म्हणाले. "चावीवाल्याला बोलवा. पुढचं दारही बंद आहे."

"चावीवालो कशाक? थांबा थंय. येतंय मी."

सहा-सात मिनिटांनी काचेपलीकडे, माझ्या स्वयंपाकघरात, वहिनी उभ्या होत्या. हातात किल्ली. त्यांनी मूठ फिरवली आणि दार उघडलं. मी आत येऊन खुर्चीवर बसले. त्यांनी न विचारता मीठसाखरेचं पाणी केलं. डबे त्यांना पाठ होते.

"तुमच्याकडे किल्ली कशी?" मी विचारलं. "मी परत घेतली होती ना?"

"घेतलात की. पण देण्याआधी मी दुसरी करून घेतली."

"न विचारता?"

"विचारला असता तर तुम्ही दिली असती? आज रागावलात, उद्या पडलात तर काय, सोसायटीक अर्ज करणार?" त्या बाल्कनीत गेल्या, ओली फरशी पाहिली, तुटकी बादली पाहिली. नंतर पदराने हात पुसत म्हणाल्या, "बाई, घाबरू नका. मी कोणाक सांगूचंय नाय. ग्रुपवर पण नाय. तुमच्या झिलाक कळूचा नाय."

झील म्हणजे मुलगा, तुमचा बाबा. त्यांना सगळं माहीत होतं. मनगटाचं, दिलेल्या शब्दाचं. माझ्यासमोर तीच वाट होती, पार्ल्याची. लाख लावायची आणि पाकीट पुन्हा कपाटात. वहिनी गप्प बसल्या असत्या. त्यांची मला खात्री होती, आणि म्हणूनच मोह फार होता. मी ते पाणी संपवलं. मग म्हणाले, "नाही वहिनी. तो फोन द्या इकडे."

"आता? आधी जरा पडा तरी."

"आता. तिकडे सकाळ आहे. तो ऑफिसला पोचून कामाला लागायच्या आत."

बाबाने फोन घेतला. मी सगळं क्रमाने सांगितलं. लेबलं, वारा, पाटी, वॉचमनचा सलाम, बादली. फरशीचंही सांगितलं. शेवटी तो म्हणाला, "एक ते दोन शांतता होती म्हणतेस. मग तेव्हा का नाही हाक मारलीस?"

"तुला कळेल म्हणून."

त्याने गाडी बाजूला घेतली, फोनमधून इंडिकेटरचा आवाज आला. मग तो म्हणाला, "म्हणजे मी तुला कोंडून ठेवलं होतं, आई."

मी नाही म्हणाले नाही. पूर्ण खरं नव्हतं, पण थोडं होतं. वहिनींनी माझ्या हातातून फोन घेतला. "अरे बाबा, मी हय असंय ना? तू तिकडून काय माकडां हाकलणार आहेस?" तो हसला, बहुतेक रडतही होता. तुम्ही गाडीत मागे होतात की नाही, मला माहीत नाही. शेवटी मला म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघू."

तर माझं घर दिवाळीपर्यंत आहे. पुढचं माहीत नाही. शब्द मी मोडला नाही, तो अजून त्याच्या हातात आहे. मी बाल्कनीचं लॅच काढून टाकलं, पाटीही काढली. तिची चार भोकं दारावर दिसतात. वहिनींकडे किल्ली आहे, माझ्या अक्षरातलं लेबल लावलेली. लेबल बघून त्या म्हणाल्या, "आता हेच्यावर सही करू काय?" बोंबील अजून वाळतात आणि चादरींना वास येतो. आता जिना उतरून सांगते. त्या ऐकत नाहीत.

परवा कडी लावायची राहिली आणि एक माकड आत आलं. मी बाहेरच्या खोलीत होते. ओट्यावर बसून त्याने सहा केळ्यांतली चार खाल्ली आणि मला बघून सावकाश निघून गेलं. साली गोळा केल्या, ओटा पुसला, आणि मधल्या सुट्टीच्या आत बाबाला कळवलं.